रविवारच्या सुट्टीमागचा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे आणि कामगारांच्या मनाचे आरोग्य

जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक रुग्ण दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला. वय पस्तिशीच्या आत, औद्योगिक वसाहतीतल्या एका सळई कारखान्यात भट्टीवर काम. पहिल्यांदा तक्रार होती पित्ताची. दुसऱ्यांदा डोके जड राहते, अंग दुखते अशी. मी रक्तदाब पाहिला, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासून घेतले. सगळे ठीक होते. पित्ताच्या गोळ्या दिल्या, ताकदीची इंजेक्शने दिली आणि जरा विश्रांती घ्या असे सांगून पाठवून दिले.

तिसऱ्या वेळी बायको सोबत होती. नवरा रात्र रात्र छताकडे बघत पडून राहतो, जेवण निम्मे टाकतो, मुलांवर विनाकारण ओरडतो आणि आता घरी येताना रोज क्वार्टर घेऊ लागलाय, हे तिने सांगितले. तेव्हा मी एक प्रश्न विचारला, जो पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता : शेवटची सुट्टी कधी झाली? तो बोटांवर मोजू लागला, मध्येच थांबला आणि बायकोकडे बघू लागला. पाळी बारा तासांची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली.

मी त्याला दोनदा विश्रांती घ्यायला सांगितले होते. ती त्याने कुठून आणायची, हे मात्र विचारले नव्हते.

हा प्रश्न सुमारे १४० वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसाने विचारला होता. तो डॉक्टर नव्हता. गिरणीच्या भांडारात नोकरी करणारा साधा माणूस होता. आज आपण रविवारी घरी बसतो त्यामागे ज्यांचे कष्ट आहेत, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांची ही गोष्ट. कामामुळे होणारे मानसिक आजार समजून घ्यायला ती आजही उपयोगी पडते, म्हणून या संकेतस्थळावर सांगतो आहे.

ठाण्याचा मुलगा, गिरणीचा स्टोअरकीपर

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, एका माळी कुटुंबात झाला. योगायोग असा की याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे लोखंडे याच फुल्यांचे निकटचे सहकारी झाले.

शालेय शिक्षण संपल्यावर ते नोकरीला लागले. आधी रेल्वे, मग टपाल खाते आणि नंतर मुंबईच्या मांडवी भागातली एक कापड गिरणी. गिरणीत ते स्टोअरकीपर होते. भांडारात बसणाऱ्या माणसाला सगळी गिरणी दिसते. कोण कधी आत येतो, कोण कधी बाहेर पडतो, कोणाचा हात यंत्रात सापडला, कोणाचा पगार अडकला, कोणाला दंड झाला. लोखंडे यांनी हे सगळे जवळून पाहिले.

त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे कामाचे तास सूर्यावर ठरत. उजाडले की भोंगा, दिवस मावळला की सुटका. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडे कमी. उन्हाळ्यात मात्र तेरा-चौदा तासांपर्यंत. दुपारच्या जेवणासाठी यंत्रे नियमाने थांबत नसत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद असे तेवढीच मोकळीक. रविवारी यंत्र बंद असले तरी ते पुसायला, साफ करायला यावे लागे. कामावर घेणे आणि काढणे जॉबरच्या हातात. पगार महिना उलटून गेल्यावर, तोही कधी मिळेल ते नक्की नाही. कामगार बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे, गाव सोडून आलेले, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे.

यातले जॉबर हा शब्द काढून मुकादम किंवा कंत्राटदार म्हणा आणि मुंबई काढून दुसऱ्या कोणत्याही गावाचे नाव घाला. आमच्या भागातल्या अनेक कामगारांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

लेखणी हातात घेतली

१८७३ साली फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्यात ओढले गेले. समाजाचे विचार मांडण्यासाठी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात दीनबंधु हे साप्ताहिक सुरू केले होते. ते अडचणीत आल्यावर १८८० मध्ये मुंबईला आणले गेले आणि लोखंडे त्याचे संपादक झाले. बांधलेला पगार सोडून त्यांनी हे काम पत्करले. शेतकरी, कारागीर आणि गिरणी कामगार यांची दुःखे त्यांनी या पत्रातून सातत्याने मांडली.

दरम्यान १८८१ मध्ये सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला. तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचे नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, अशा त्याच्या तरतुदी. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते. मोठा माणूस हवे तितके काम करू शकतो, त्याला थकायचा अधिकार नाही, असाच जणू समज होता.

सुपारीबागेतल्या पाच मागण्या

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. लोखंडे यांनी ही संधी साधली. त्या वर्षी २३ आणि २६ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्यांचे एक निवेदन तयार झाले आणि त्याला सुमारे ५,५०० कामगारांची संमती मिळाली. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन हे नाव याच चळवळीशी जोडले गेले. भारतातल्या कामगार संघटनांची सुरुवात इथून मानली जाते. आजच्या युनियनसारखी तिच्याकडे वर्गणी किंवा सभासदांची पक्की यादी नव्हती. पण हजारो माणसे आपले म्हणणे पहिल्यांदाच एकत्र मांडत होती.

निवेदनात मानसिक आजार हा शब्द नव्हता. असण्याचे कारणही नाही. पण आज मी त्या मागण्या वाचतो तेव्हा कामामुळे मन का बिघडते, याची कारणेच एकेक करून समोर येतात. त्या एकेक पाहू.

१. दर रविवारी पूर्ण सुट्टी

शरीराचा थकवा एका झोपेने बराच उतरतो. मनाचा उतरत नाही. सतत सावध राहायचे, चूक होऊ द्यायची नाही, कोणाचे तरी ऐकून घ्यायचे, या ताणातून बाहेर यायला मेंदूला कामाशी संबंध नसलेला सलग वेळ लागतो. मुलांशी खेळणे, नातेवाइकांकडे जाणे, देवळात बसणे, नुसते पडून राहणे, हे सगळे त्या दुरुस्तीचाच भाग आहे. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला आपल्या देवासाठी आणि समाजासाठी वेळ मिळावा, अशी लोखंडे यांची भूमिका होती असे सांगितले जाते. डॉक्टर म्हणून मला ती पटते. सुट्टीचा दिवस म्हणजे माणसांत परत येण्याचा दिवस.

२. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती

सलग पाच-सहा तासांनंतर लक्ष विचलित होऊ लागते, चुका वाढतात, चिडचिड वाढते. उभ्या-उभ्या घाईत जेवणाऱ्याला पित्ताचा त्रास होतो. भट्टीजवळच्या उष्णतेत पाणी कमी पडले तर डोके दुखते, गरगरते. मग रुग्ण पोटाची आणि डोक्याची तक्रार घेऊन येतो आणि आम्ही डॉक्टर पोटाच्या आणि डोक्याच्याच गोळ्या देतो. माझे तेच झाले होते.

३. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम

ही वेळही आज आपल्याला जास्त वाटेल, पण निदान कामाला आरंभ आणि शेवट असावा अशी ही मागणी होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. बारा तासांची पाळी आठवड्यातले सहा दिवस केली तर ७२ तास होतात.

रात्रपाळीचा प्रश्न वेगळा. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. उजेड आणि अंधार यांवरून ते झोप, भूक, शरीराचे तापमान ठरवते. दर आठवड्याला पाळी बदलली की हे घड्याळ जुळायच्या आत पुन्हा बिघडते. दिवसा पत्र्याच्या खोलीत, मुलांच्या आवाजात चार तासांची तुटक झोप मिळते. अशी झोप महिनोन् महिने मिळाली तर नैराश्य आणि चिंतेचे आजार होण्याची शक्यता वाढते. आधीपासून असलेले मानसिक आजार तर हमखास उचल खातात.

४. मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत

ही मागणी पैशाची वाटते, पण ती झोपेचीही आहे. पगार किती यापेक्षा तो कधी हे माहीत नसणे माणसाला जास्त कुरतडते. घरभाडे, मुलांची फी, सावकाराचा हप्ता, किराण्याची उधारी डोक्यात फिरत राहते. आमच्या जिल्ह्यातल्या अनेक गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी जोडपी बाहेर पडतात. आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. आजारपणाने एक दिवस खाडा पडला तरी हिशेब वाढतो. अशा वेळी ताप अंगावर काढला जातो आणि मनाचा त्रास तर बोलूनही दाखवला जात नाही.

५. अपघात झाल्यास बरे होईपर्यंत पगार, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय

कामावर हात भाजला, बोट तुटले, की जखम महिन्या-दीड महिन्यात भरते. पण कित्येकांना त्यानंतर यंत्राचा आवाज ऐकला की छातीत धडधडते, रात्री तोच अपघात स्वप्नात दिसतो, त्या जागी जायला पाय उचलत नाही. हा भित्रेपणा नव्हे. अपघातानंतर येणारा हा ओळखीचा मानसिक आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यातच रोजगार बुडाला, घर कसे चालवायचे ही चिंता आली, तर नैराश्य लवकर गाठते. ज्यांचा ईएसआय विमा आहे त्यांना कामावरच्या अपघातानंतर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास भत्ता मिळतो. लोखंडे यांनी १८८४ मध्ये जे मागितले, त्याचाच हा पुढे आलेला अवतार. तुमचे ईएसआय कार्ड आहे की नाही, हे आजच पाहून ठेवा.

१० जून १८९०

निवेदन दिले म्हणून मागण्या मान्य झाल्या नाहीत. सभा, अर्ज, दीनबंधुतले लेख असे सहा वर्षे चालू राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात हे किती अवघड असेल याची कल्पना करा. गिरणीत दिवसभर राबून घरी चूल, पाणी, पोरेबाळे बघणाऱ्या स्त्रीसाठी सुट्टीचा अर्थ पुरुषापेक्षा वेगळा होता, आणि तो त्यांनी स्वतः मांडला. आजही माझ्याकडे येणाऱ्या कामगार स्त्रिया कंबरदुखी, पांढरे जाणे, अशक्तपणा सांगतात. नीट विचारले तर कित्येकींच्या बाबतीत त्यामागे न संपणारे काम आणि दबलेले रडू निघते.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. मुंबईतल्या कामात लोखंडे यांना कामगारांच्या बाजूने त्याच्याबरोबर बसवण्यात आले. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि मुलांचे सात तासांवर आले. हे सगळे केवळ दयेपोटी झाले असे नाही. भारतीय गिरण्यांची स्पर्धा टोचू लागल्यामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालकही इथे कायदा व्हावा म्हणून जोर लावत होते. पण मुंबईतल्या कामगारांचे नेमके म्हणणे त्या कायद्यात उतरले, ते लोखंडे यांच्यामुळे.

मोठ्या पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ साल उजाडले, तेही कापड गिरण्यांत बारा तासांची. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आली आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात पक्की झाली.

अपमान, दंगल आणि प्लेग

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांचे केस काढून त्यांना विद्रूप करण्याची प्रथा तेव्हा उच्चवर्णीय घरांत होती. १८९० मध्ये त्यांनी मुंबईतल्या न्हावी समाजाची सभा घेतली आणि या कामावर न्हाव्यांनीच बहिष्कार टाकला. आपल्या कामातून दुसऱ्याचा अपमान होत असेल तर ते काम नाकारता येते, हे त्या कारागिरांनी दाखवले. कामाचा आणि मनाचा संबंध फक्त थकव्याचा नसतो. जे काम करताना स्वतःचीच लाज वाटते, किंवा जिथे रोज शिवीगाळ ऐकावी लागते, ते काम माणसाला आतून पोखरते.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. गिरण्यांचा भागही होरपळला. लोखंडे यांनी दोन्ही समाजांतल्या कामगारांना एकत्र आणण्यासाठी राणीच्या बागेत एकोप्याचा मेळावा घेतला. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सापडला, तोही मांडवी भागातच. काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. गिरण्या ओस पडू लागल्या. लोखंडे मात्र शहरातच राहिले. रुग्णांची सेवा आणि त्यांच्यासाठी रुग्णालयाची सोय यात ते गुंतले आणि त्यांनाच प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुलेही गेल्या. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांच्यावर तिकीट काढले. पण रविवारची सुट्टी घेणाऱ्या बहुतेकांना आजही त्यांचे नाव माहीत नाही.

मग आज काय बदलले?

पुष्कळ बदलले, पण सगळ्यांसाठी नाही. आठवड्याची सुट्टी आणि ४८ तासांची मर्यादा कायद्यात आहे. जादा कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. पण वीटभट्टी, ऊसतोड, बांधकाम, हॉटेल, घरकाम आणि कारखान्यांतले अनेक कंत्राटी कामगार यांच्यापर्यंत हे किती पोहोचते, ते तुम्हीच जाणता. जालन्यात सळईचे कारखाने दिवस-रात्र चालतात. परप्रांतातून आलेली तरुण मुले त्यात काम करतात. घर हजार किलोमीटरवर, भाषा वेगळी, आजारी पडले तर जवळ कोणी नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आलेल्या पोरांची स्थिती यापेक्षा फार निराळी नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये काम करण्याच्या वयातल्या सुमारे १५ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. आपल्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी मानसिक विकार आढळला आणि त्यांच्यातल्या बहुसंख्य लोकांना उपचार मिळत नव्हते. एवढ्या मोठ्या संख्येने लोक आजारी पडतात तेव्हा तो एकेकट्याच्या स्वभावाचा दोष राहत नाही. दूषित पाण्याने गावात जुलाब सुरू झाले तर आपण गोळ्याही देतो आणि विहीरही शुद्ध करतो. कामामुळे बिघडणाऱ्या मनाचेही तसेच आहे. रुग्णाला औषध हवे आणि कामाची मांडणीही सुधारायला हवी.

एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक मानसिक आजार कामामुळेच होतो असे नाही. आनुवंशिकता, कर्ज, घरातले ताण, व्यसन, शरीराचे आजार अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण कामाविषयी विचारलेच नाही तर त्यातले एक मोठे कारण हातातून निसटते.

ही लक्षणे दिसली तर लक्ष द्या

खालीलपैकी काही गोष्टी दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ, बहुतेक दिवस दिसत असतील तर डॉक्टरांना भेटा.

• वेळ मिळूनही झोप न लागणे, किंवा पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न येणे
• पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, सतत उदास वाटणे
• क्षुल्लक कारणावरून चिडणे, घरच्यांवर हात उचलणे
• कामावर जायच्या विचारानेच छातीत धडधड, घाम, पोटात गोळा
• तपासण्या ठीक असूनही पित्त, डोकेदुखी, अंगदुखी न थांबणे
• दारू, गुटखा, तंबाखूचे प्रमाण वाढणे
• कामात वारंवार चुका किंवा छोटे अपघात
• जगण्यात अर्थ नाही असे वाटणे किंवा तसे बोलणे

शेवटचे लक्षण दिसले तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी मदत घ्या आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. आत्महत्येविषयी विचारले तर डोक्यात तो विचार घातला जाईल, ही भीती चुकीची आहे. शांतपणे, सरळ विचारले तर माणसाला बरेचदा हलके वाटते.

उपचार कसे असतात?

आधी रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांसारखी कारणे तपासली जातात. मग त्रासाच्या तीव्रतेनुसार समुपदेशन, औषधे किंवा दोन्ही. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यांची सवय लागत नाही, पण ती मनाने बंद करायची नसतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते. त्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. दारूने झोप येते असे वाटते, प्रत्यक्षात ती झोप उथळ होते आणि नैराश्य वाढते.

घरच्यांनी आळशी, कामचोर, नाटकी असे शब्द टाळावेत. माणूस रात्रपाळीहून आल्यावर त्याच्या झोपेची वेळ घरात सगळ्यांनी पाळावी. खिडकीला जाड पडदा लावला आणि मोबाइल बाजूला ठेवला तरी फरक पडतो. डॉक्टरकडे एकट्याला पाठवू नका, सोबत जा. तुमच्या एका वाक्याने निदान बदलू शकते, हे मी अनुभवाने सांगतो.

कारखानदार, कंत्राटदार, मुकादम यांच्यासाठीही थोडेसे. आठवड्याची सुट्टी खरोखर द्या, पाळ्या दर आठवड्याला उलटसुलट करू नका, पगाराची तारीख पाळा, अपघातानंतर माणसाला हळूहळू कामावर घ्या. यातली एकही गोष्ट नवीन नाही. आठवड्याची सुट्टी आणि पगाराची तारीख तर १८८४ च्या निवेदनातच आहेत.

मदत कुठे मिळेल? टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती जिल्हा रुग्णालयात मिळते.

तो रुग्ण

त्या भट्टीवरच्या कामगाराला नैराश्य होते. औषधे सुरू केली, दारूविषयी बोललो आणि त्याच्या हाती एक चिठ्ठी दिली, की या माणसाला काही महिने रात्रपाळी देऊ नये आणि आठवड्याला एक सुट्टी द्यावी. चिठ्ठी चालेल याची मला खात्री नव्हती. पण सुपरवायझरने ऐकले. दोन महिन्यांत झोप आली, भूक आली, दारू बरीच कमी झाली. वर्षभराने कंत्राट बदलले, नवीन माणसाने पुन्हा रात्रपाळी लावली. या वेळी तो पित्त घेऊन आला नाही. थेट झोपेची तक्रार घेऊन आला आणि पुन्हा तशीच चिठ्ठी मागितली. मी दिली.

एकेका चिठ्ठीने हा प्रश्न सुटणार नाही, हे मला कळते. त्यासाठी ५,५०० माणसांनी मिळून निवेदन द्यावे लागते, आणि तरी सहा वर्षे लागतात. पण तेव्हापासून माझ्या केसपेपरवर वजन आणि रक्तदाबाच्या खाली आणखी एक ओळ असते : शेवटची सुट्टी कधी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनी विचारले नाही, तरी हे आपणहून सांगा.